'रामबॉक'बद्दल मतं इतकी टोकाची का? एका एडिटरचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुम्ही मित्रांसोबत 'रामबॉक' हा 2010 चा जर्मन झोंबीपट पाहिलात. तुम्हाला तो मनापासून आवडला, मित्रांनी मात्र 'स्वस्तातला, अर्धवट' म्हणून निकालात काढला. नंतर इतर प्रेक्षकांची मतं वाचलीत तर तिथेही तेच. कुणी त्याला डोक्यावर घेतलंय, कुणाला तासभर फुकट गेल्यासारखं वाटलंय. यात खरं कुणाचं मानायचं, आणि तुम्हाला स्वतःला छोटा भयपट करायचा आहे तर या मतांतून काय घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी एडिटिंग करतो. ओळखीपाळखीवर, उसन्या कॅमेऱ्यावर आणि कुणाच्या तरी रिकाम्या फ्लॅटमध्ये उभे राहिलेले सिनेमे माझ्या टेबलावर बरेच आलेत, त्यात भयपटही होते. म्हणून उत्तर त्या बाजूने देतो. मला 'रामबॉक' चांगला वाटतो, काही जागी फारच चांगला. आणि ज्यांना तो आवडला नाही त्यांच्यापैकी अनेकांनी जे पाहिलं ते नीट पाहिलंय. त्यांचं बिनसतं ते कारण शोधताना. सगळं खापर ते बजेटवर फोडतात. दुसरीकडे कौतुक करणारेही तेवढीच मोठी चूक करतात: 'एवढ्याशा पैशात केलाय, मग छानच' म्हणून ग्रेस मार्क देऊन मोकळे होतात. पैसे कमी असले की काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे पावलोपावली ठरवावं लागतं. सिनेमा जोखायचा तो त्या ठरवण्यावर.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. मिशाएल नावाचा, केस विरळ झालेला, बुजरा माणूस व्हिएन्नाहून बर्लिनला येतो. गाबी त्याला सोडून गेली आहे. तिच्या घराच्या किल्ल्या परत करायच्या हे निमित्त, पोटात आशा वेगळीच. गाबी घरी नसते. हीटिंग दुरुस्त करायला आलेला कारागीर आणि त्याच्या हाताखालचा पोरगा हार्पर मात्र घरात असतात. कारागीर अचानक पिसाळतो, खाली चौकात लोक एकमेकांवर तुटून पडायला लागतात, आणि मिशाएल आणि हार्पर दार लावून आत अडकतात. उरलेला सिनेमा त्याच इमारतीत घडतो. दिग्दर्शक मार्विन क्रेन, पटकथा बेन्यामिन हेसलर, मिशाएल झालाय ऑस्ट्रियन नट मिशाएल फुइट आणि हार्पर झालाय टेओ ट्रेब्स. लांबी एका तासाच्या जराशी वर. शेवट इथे फोडत नाही.

आता तक्रारी. सगळ्यात आधी लांबी, कारण नाराज माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो: 'सिनेमा आहे की टीव्हीचा एपिसोड?' यात तथ्य आहे. 'रामबॉक'च्या मागे झेडडीएफ ही जर्मनीतली सार्वजनिक दूरचित्रवाणी संस्था आहे. तिचा 'दास क्लाइने फेर्नझेशपील' हा विभाग 1963 पासून नव्या दिग्दर्शकांच्या पहिल्या-दुसऱ्या कामाला पाठबळ देतो आणि ते काम रात्री उशिरा दाखवतो. जर्मन भाषेच्या मुलखात तासाभराचे सिनेमे ही ओळखीची गोष्ट आहे. जारब्र्युकेनच्या माक्स ओफ्युल्स महोत्सवात मध्यम लांबीच्या चित्रपटांची वेगळी स्पर्धाच असते. आपल्याकडे मात्र एकतर दोन-अडीच तासांचा सिनेमा नाहीतर वीस मिनिटांची शॉर्टफिल्म, मधलं काही डोळ्याला सवयीचं नाही. त्यामुळे तासाभराने नावं वर जायला लागली की आपल्याला ताटावरून उठवल्यासारखं होतं. पण माझ्या कामाच्या नजरेने पाहिलं तर या गोष्टीत मजकूर आहे तेवढीच लांबी आहे. नव्वद मिनिटांचा करायचा म्हटलं असतं तर आणखी एक कुटुंब, आणखी एक भांडण, बाहेर जायचा आणखी एक फसलेला प्रयत्न घालावा लागला असता. ते घातलं की बंद घराची घुसमट सैल पडते. अनेक छोटे भयपट माझ्याकडे याच दुखण्याने येतात: सत्तर मिनिटांचा जीव नव्वद मिनिटांवर ताणलेला असतो, कारण वितरकाला तेवढी लांबी हवी असते. इथे तो दबाव नव्हता आणि त्याचा फायदा पडद्यावर दिसतो.

दुसरी तक्रार: झोंबी कमी, रक्त कमी. इथे जरा थांबतो, कारण तुम्हाला स्वतः काम करायचं आहे.

पडद्यावर धावणारा एक झोंबी म्हणजे काय खर्च असतो ते बघा. एका माणसाच्या पूर्ण मेकअपला तास-दीड तास सहज जातो. मेकअप करणारी माणसं दोन असतील तर सकाळच्या शूटला पहाटे बसावं लागतं. म्हणून गर्दी रांगा लावून रंगवतात: कॅमेऱ्याच्या पुढ्यातल्या चार-पाच जणांना पूर्ण मेकअप, त्यांच्या मागच्यांना जखमा आणि रंग, अगदी मागच्यांना नुसता मळका कपडा आणि तोंडाला राख. रक्त साखरेच्या पाकासारख्या सिरपमध्ये खाण्याचा रंग मिसळून होतं, स्वस्त पडतं. पण ते शर्टावर सांडलं की रीटेकला दुसरा तसाच शर्ट लागतो, तिसऱ्या टेकला तिसरा. शिवाय झोंबी धावणारे असतील तर कुणीतरी पडणार, आपटणार, म्हणजे सुरक्षेचं माणूस आलं, गाद्या आल्या. जेवण, चहा, येण्या-जाण्याचं भाडं वेगळंच. या सगळ्याचा हिशेब लावला की कळतं, पन्नास झोंबींचा एक दिवस छोट्या सिनेमाचा आठवडा गिळतो. जॉर्ज रोमेरोने 1968 मध्ये 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' सुमारे 1,14,000 डॉलरांत केला. चित्रण कृष्णधवल होतं म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप चालून गेलं. त्यानेही गोष्ट एका शेतघरात कोंडली आणि बाहेरचं जग रेडिओ-टीव्हीच्या बातम्यांतून आत आणलं. 'रामबॉक' त्याच घराण्यातला आहे.

मात्र क्रेन आणि हेसलर यांनी एक गोष्ट स्वतःची घातली आहे आणि माझ्या मते सिनेमाचा जीव तिच्यात आहे. इथे संसर्ग झाला की माणूस लगेच पिसाळत नाही. रोग अंगात दबा धरून राहतो आणि ॲड्रेनालिन, म्हणजे भीती-रागात अंगात सुटणारं द्रव्य, वाढलं की उसळतो. ज्याला चावा बसलाय त्याने शांत राहायचं, घाबरायचं नाही, चिडायचं नाही. जमलं तर तो वाचू शकतो. टीव्हीवरून हीच सूचना येते. झोपेच्या आणि शामक औषधांना एकदम सोन्याचं मोल येतं आणि त्यांच्यावरून शेजाऱ्यांत देवाणघेवाण सुरू होते.

प्रेक्षकांच्या मतांत या नियमाबद्दल दोन तट आहेत. एक गट म्हणतो, विज्ञान म्हणून हे टिकत नाही. दुसरा म्हणतो, कल्पना भन्नाट आहे पण पुरेशी वापरलेली नाही. पहिल्या गटाशी मी वाद घालणार नाही. झोंबीपटात जीवशास्त्राची परीक्षा घेत बसलो तर एकही पास होणार नाही. पण हा नियम कामाच्या बाजूने बघा. चावा बसलेला माणूस पडद्यावर आहे आणि त्याला शांत बसायचंय. दाराबाहेर धडका चालू आहेत. आता सगळं दृश्य एका चेहऱ्यावर आलं. मेकअप नको, गर्दी नको, तुटलेला हात नको. नटाचा श्वास, मानेवरची शीर, पापणी एवढ्यावर मी एडिटर म्हणून मिनिटभर शॉट धरून ठेवू शकतो आणि प्रेक्षक खुर्चीत हलणार नाही, कारण कट कधी येईल आणि कट आल्यावर तो माणूस तोच असेल का हे त्याला माहीत नाही. पैसे वाचवणारी आणि भीती वाढवणारी गोष्ट एकच असावी, असं लेखकाला क्वचित जमतं. दुसऱ्या गटाचं म्हणणं मला जास्त पटतं. हा नियम हातात असताना अजून एक-दोन प्रसंग शांत बसण्यावर रचता आले असते. त्यांच्या जागी मधल्या भागात पुन्हा धावपळ येते.

'हे झोंबी नाहीत, नुसते रोगी आहेत' असंही बऱ्याच जणांनी लिहिलंय. मेलेलं उठून चालतं तोच झोंबी असा त्यांचा आग्रह असतो. 2002 मध्ये '28 डेज लेटर' आल्यापासून हा वाद चालू आहे. त्यात वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

जागेबद्दल मात्र फार कमी लोक बोलतात याची मला खंत वाटते. बर्लिनची जुनी भाड्याची घरं रस्त्याला तोंड करून असतात आणि त्यांच्या पाठीमागे एकामागे एक चौक असतात. 19व्या शतकात कामगारांची गर्दी वाढली तेव्हा जमिनीचा शेवटचा तुकडाही बांधून काढला गेला. 1853 च्या बांधकाम नियमांनुसार आतला चौक किमान 5.34 मीटर लांब-रुंद असला की पुरे होतं, कारण आगीचा बंब तेवढ्यात वळायचा. हे चौक म्हणजे चारी बाजूंनी खिडक्या आणि मध्ये विहिरीसारखी पोकळी. आपल्या चाळीत समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की बर्लिनच्या चौकात खिडक्या बहुधा बंद असतात आणि शेजारी एकमेकांना नावाने ओळखतीलच असं नाही. 'रामबॉक'मध्ये संकट आल्यावर त्या खिडक्या उघडतात. लोक समोरासमोरून ओरडून बोलायला लागतात: तुझ्याकडे काय आहे, माझ्याकडे काय आहे, कोण जिवंत आहे. मिशाएल तर परगावचा, त्याचं इथे काहीच नाही, ज्या घराच्या किल्ल्या परत द्यायला आला त्याच घरात कोंडलेला. एकच लोकेशन घेतल्याने दिग्दर्शकाचे रोजचे सामान हलवायचे तास वाचले, हे उघडच आहे. पण त्याने ते लोकेशन नुसतं स्वस्त म्हणून वापरलेलं नाही. बर्लिनमध्ये वर्षानुवर्षं राहूनही शेजाऱ्याचं तोंड न पाहिलेल्या माणसाला हा सिनेमा जिथे लागतो, तिथे तो बाहेरच्या प्रेक्षकाला लागणार नाही. जर्मन प्रेक्षकांची मतं आणि इतर देशांतल्या प्रेक्षकांची मतं शेजारी ठेवून वाचाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

भाषेचंही तसंच. फुइट ऑस्ट्रियन आहे, त्याच्या मिशाएलचा सूर व्हिएन्नाचा, मवाळ, थोडा रेंगाळणारा. भोवतीची माणसं बर्लिनची, तुटक बोलणारी. तो तोंड उघडतो तेव्हाच तो इथला नाही हे जर्मन कानाला कळतं, आणि त्यातून बारीक विनोदही होतो. सबटायटल्स वाचणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. त्याला दिसतो फक्त एक गबाळा, रडका माणूस. म्हणून 'नायक असह्य आहे' हे मत बाहेरच्या प्रेक्षकांकडून आलेलं दिसलं तर मला नवल वाटत नाही.

मिशाएल हाच खरा कळीचा मुद्दा. तुमच्या मित्रांचीही तीच तक्रार आहे ना, की जग बुडतंय आणि हा अजून तिच्या फोनची वाट बघतोय? झोंबीपटाचा नायक कसा असतो याचं एक चित्र डोक्यात पक्कं बसलंय: कुऱ्हाड हातात घेणारा, निर्णय घेणारा, दुसऱ्यांना वाचवणारा. मिशाएल त्यात बसत नाही. हार्पर वयाने अर्धा असून जास्त हुशारीने वागतो. मिशाएल मात्र मनाने अजून त्या सुटलेल्या नात्यात अडकून आहे, आणि बाहेरची दुनिया मोडली तरी त्याला आधी त्याच मोडतोडीचा हिशेब पुरा करायचाय. मला हे फार खरं वाटतं. मोठं संकट आल्यावर माणसं एकदम मोठी होत नाहीत, आपापलं छोटं दुःख बरोबर घेऊनच संकटात शिरतात. फुइटने हा माणूस केविलवाणा होऊ दिलाय पण हास्यास्पद होऊ दिला नाही. हाच नट पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, मार्कुस श्लाइन्त्सरच्या 'मिशाएल'मध्ये एका मुलाला तळघरात डांबून ठेवणाऱ्या माणसाच्या भूमिकेत दिसला. दोन्ही पाहाल तर त्याच्या शांत चेहऱ्याची ताकद लक्षात येईल.

नाराज प्रेक्षकांच्या एका आक्षेपाला मी पूर्ण पाठिंबा देतो, तो म्हणजे बायकांच्या भूमिकांचा. गाबी आपल्याला जवळजवळ पूर्णपणे मिशाएलच्या आठवणीतून आणि हट्टातून कळते, स्वतःचं म्हणणं तिला फारसं मिळत नाही. एमिली कॉक्सची अनिता उशिरा येते आणि तिच्या वाट्याला थोडंच येतं. एमिली कॉक्सने पुढे 'द लास्ट किंगडम'मध्ये ब्रीडाची भूमिका कशी पेलली हे ज्यांनी पाहिलंय त्यांना तर ते जास्तच टोचेल. याला बजेट कारण नाही. कागदावर चार ओळी जास्त लिहायला पैसे लागत नाहीत. आणखी एक: कॅमेऱ्याच्या फ्लॅशला संसर्ग झालेले बिचकतात, ही युक्ती मला थोडी सोयीची वाटली. बंद घरात हत्यार कुठून आणायचं या प्रश्नाचं ते चतुर उत्तर आहे, पण त्याची पेरणी आधीपासून व्हायला हवी होती.

रक्त कमी असल्याची तक्रार जर्मनीत जितकी चिडून होते तितकी इतरत्र होत नाही, त्यामागे इतिहास आहे. भयपटाचा पाया घालणारा देश हाच: 1920 चा 'डॉक्टर कालिगारी', 1922 चा 'नोस्फेराटू'. पण व्हिडिओ कॅसेटच्या काळात चित्र पार बदललं. 1984 मध्ये याच झेडडीएफने 'मामा, पापा, झोंबी' या नावाचा माहितीपट दाखवला. घराघरांत पोचलेल्या भयपटांच्या कॅसेट मुलांना बिघडवतात, अशी त्यातली काळजी होती आणि तिने पालकांची झोप उडवली. त्याच वर्षी 'द ईव्हिल डेड' हा अमेरिकी भयपट फौजदारी कायद्याच्या कलम 131 खाली जप्त झाला. प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं. 1992 मध्ये न्यायालयाने म्हटलं, कलमात मनुष्यांवरच्या हिंसेचा उल्लेख आहे आणि झोंबी त्यात ओढूनताणून बसवता येणार नाहीत. सरकारने 2004 मध्ये कलमातच दुरुस्ती केली आणि मनुष्यासारखे दिसणारे जीवही त्यात घातले.

या सगळ्यात एक पिढी वाढली. जर्मनीत मिळायच्या त्या कॅसेट कापलेल्या, अख्ख्या हव्या तर ऑस्ट्रिया किंवा हॉलंडमधून आणायच्या. कापलेली मिनिटं शोधत राहणं हाच छंद झाला. त्यातूनच घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे करणारी पोरं उभी राहिली. हॅम्बुर्गचा आंद्रेयास श्नास, ज्याने 1989 मध्ये मित्रांना घेऊन आपला पहिला रक्तबंबाळ सिनेमा केला. बव्हेरियाचा ओलाफ इटनबाख, जो दातांच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ होता आणि तीच हातोटी त्याने कापलेल्या अवयवांसाठी वापरली. त्यांच्या सिनेमांत अभिनय कच्चा, कथा नावापुरती, पण जे कायद्याने दाखवू दिलं नाही ते भरभरून. त्या प्रेक्षकाच्या लेखी स्वस्तातला जर्मन झोंबीपट म्हणजे हाच. त्याच्यासमोर 'रामबॉक' ठेवला की त्याला तो पिचकारी न उडवणारा, सरकारी पैशाचा, सोवळा सिनेमा वाटतो. त्याचं मत त्याच्या जागी प्रामाणिक आहे. ज्या वाहिनीने 1984 मध्ये झोंबीविरुद्ध पालकांना सावध केलं, तिनेच 2010 मध्ये झोंबीपटाला हात दिला, हा बदल मात्र मला फार मोलाचा वाटतो. झोंबीच्या गोष्टीत माणसाबद्दल काही सांगण्यासारखं असतं हे मान्य व्हायला तिथे पाव शतक लागलं.

असंच पुढे 2018 च्या 'एंडझाइट'चं झालं. ओलिव्हिया फीवेगच्या चित्रकादंबरीवरून तिनेच लिहिलेला, कारोलिना हेल्सगोर्डने दिग्दर्शित केलेला. जगात वायमार आणि येना ही दोनच शहरं उरली आहेत आणि दोन मुली त्यांच्यामधला प्रदेश तुडवत जातात. संसर्ग झालेल्यांच्या अंगातून झाडं-फुलं उगवतात, बाहेरचा निसर्ग उन्हात डोलतो आहे. मतं पाहिलीत तर 'हा भयपटच नाही' आणि 'असं आधी पाहिलं नव्हतं' अशी सरळ दोन टोकं. भयपट म्हणून तो मलाही कमी पडल्यासारखा वाटतो. दोन मुलींच्या प्रवासाचा सिनेमा म्हणून तो माझ्या मनात राहिला आहे.

आपल्याकडच्या प्रेक्षकाची आणखी एक सवय लक्षात घ्या. आपल्याकडे झोंबी गाजला तो विनोदाचं बोट धरून: 2013 चा 'गो गोवा गॉन', मग मराठीत आदित्य सरपोतदारचा 2022 चा 'झोंबिवली'. दोन्हीकडे घाबरवण्याइतकाच हसवण्याचा बेत आहे. तुमच्या मित्रांनी शुक्रवारी रात्री चिवडा-सोडा घेऊन 'रामबॉक' लावला असेल तर ते हशा आणि रक्त या दोन गोष्टींची वाट बघत बसले असणार. तो सिनेमा संथपणे एका प्रेमभंगाकडे वळला तेव्हा त्यांचा हिरमोड झाला. हाच सिनेमा माक्स म्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्रात, जर्मन सिनेमा बघायचा म्हणून आलेल्या लोकांसोबत पाहिला असता तर निम्म्या तक्रारी झाल्याच नसत्या, कदाचित वेगळ्या झाल्या असत्या.

मग मतं वाचायची कशी? सरासरी गुण बघू नका. छोट्या भयपटांना गुण देणाऱ्यांत दोन टोकांची माणसं जास्त असतात. एकीकडे सिनेमात काम केलेल्यांचे भाऊबंद आणि स्नेही, दुसरीकडे आपल्याला हवा तो माल मिळाला नाही म्हणून शून्य देणारे. दोघांची बेरीज करून मधला आकडा येतो तो कुणाचंच मत नसतो. मी शब्द वाचतो, आणि त्यात एकच शोधतो: या माणसाने एखादा प्रसंग नावानिशी सांगितलाय का? 'कंटाळवाणा' या शब्दातून मला काही मिळत नाही. 'दार लावून बसल्यानंतर दहा मिनिटं कुणी काही ठरवतच नाही' असं कुणी लिहिलं की मी पुन्हा जाऊन ती दहा मिनिटं बघतो, कारण हा प्रेक्षक माझ्यासाठी कामाचा आहे, मग त्याने सिनेमाला शिव्या का घातलेल्या असेनात. भरभरून कौतुक करणाऱ्यालाही हाच नियम लावा. आणि परस्परविरोधी मतं एकाच प्रसंगाबद्दल असतील तर तो प्रसंग बहुधा सिनेमातला सगळ्यात धाडसी असतो. 'रामबॉक'मध्ये तसा प्रसंग शेवटचा आहे. काहींना तो भाबडा वाटला, काही जण तिथे रडले. मी दुसऱ्या गटातला.

तुमच्या स्वतःच्या कामाबद्दल आता नेमकं सांगतो. जागा आधी शोधा, गोष्ट त्या जागेवर लिहा. ज्या इमारतीत शूटची परवानगी मिळणार आहे तिचा जिना, पाण्याची टाकी, मीटरची खोली, बंद पडलेली लिफ्ट यांतूनच तुमचे प्रसंग निघू द्या. परवानगी लेखी घ्या आणि रात्री शूट असेल तर खालच्या मजल्यावरच्या लोकांना आधी भेटून सांगा, नाहीतर किंकाळीच्या पहिल्याच टेकला पोलीस येतील. तुमच्या झोंबींसाठी एक असा नियम ठरवा ज्यामुळे नटाला करायला काही मिळेल. तो नियम पहिल्या पंधरा मिनिटांत प्रेक्षकाला कळू द्या आणि मग मोडू नका.

पैशांची वाटणी करताना आवाजाला हात लावू नका. चित्र थोडं खरखरीत असलं तरी प्रेक्षक माफ करतो, संवाद ऐकू आला नाही की दोन मिनिटांत उठतो. मागे एका भयपटात भुताचा मुखवटा इतका वाईट झाला होता की त्याचे सगळे शॉट मी काढून टाकले आणि त्या जागी जिन्यावरून गडगडत येणाऱ्या स्टीलच्या डब्याचा आवाज ठेवला. डबा थांबतो आणि कुणीतरी तो उचलून ठेवतं, एवढंच. थिएटरात त्या जागी लोक दचकायचे. तो आवाज आम्ही एका घराच्या जिन्यात दुपारभर बसून रेकॉर्ड केला होता, खर्च डब्याचा तेवढा.

रफ कट, म्हणजे सिनेमाची पहिली कच्ची जोडणी, तयार झाला की ओळखीच्यांना दाखवून 'कसा वाटला?' विचारू नका, ते छानच म्हणतील. मित्राच्या मित्रांना, शेजारच्या कॉलेजच्या मुलांना, भयपट न बघणाऱ्या एखाद्या मावशींनाही बसवा. तुम्ही पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा आणि कुणी मोबाइल काढला, कुणी खुर्चीत सरकलं, की वेळ लिहून ठेवा. संपल्यावर आवडला का विचारण्याऐवजी गोष्ट सांगायला लावा. जिथे ते चुकीची सांगतील तिथे दोष तुमच्या कटिंगमध्ये किंवा लेखनात आहे. एकाच मिनिटाला तीन जणांनी मोबाइल काढला असेल तर तिथल्या दृश्याला कात्री लावा, ते शूट करायला तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास झालेला असला तरी. आणि पोस्टरवर सिनेमात आहेत तेवढेच झोंबी काढा. 'रामबॉक' परदेशात 'बर्लिन अनडेड' अशा जोडनावाने गेला. ते नाव वाचून ज्याला अख्खं शहर पेटलेलं बघायचं होतं त्याला एक चौक मिळाला, आणि तुम्ही वाचलेल्या रागातला मोठा वाटा तिथूनच आलेला आहे.